बाहुलीमागचा हात, हातामागची संस्था

आपल्या राजकीय भाषेत 'कळसूत्री बाहुली' हा शब्द निंदेचा म्हणून रूढ झाला आहे. एखाद्या मंत्र्याला, महामंडळाच्या अध्यक्षाला किंवा मालकधार्जिण्या संघटनेच्या पुढाऱ्याला उद्देशून तो वापरला, की त्याची सूत्रे दुसऱ्याच्या हाती आहेत एवढे ऐकणाऱ्याला कळते. या निंदेत बिचाऱ्या बाहुलीवर अन्याय होतो, हे सोडून देऊ. परंतु तीत एक प्रश्न दडलेला आहे आणि समाजवाद्यांनी तो कधीही सोडून देऊ नये असा आहे. सूत्रे कोणाच्या हाती आहेत? मुलांच्या दूरचित्रवाणीवर हयात घालविलेल्या एका बाहुलीकाराच्या जीवनावरील अनुबोधपटाच्या निमित्ताने तोच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

'बीइंग एल्मो' हा तो अनुबोधपट. कॉन्स्टन्स मार्क्स या दिग्दर्शिकेने तो २०११ साली पूर्ण केला. 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकेतील मुलांच्या कार्यक्रमात एल्मो नावाची एक तांबडी, केसाळ, तीनएक वर्षांच्या पोरासारखी बोलणारी बाहुली आहे. तिला अनेक वर्षे आवाज आणि हालचाल देणारा कलावंत केविन क्लॅश हा या चित्रपटाचा नायक आहे. क्लॅशचा जन्म १९६० साली बाल्टिमोर शहराजवळ झाला. ज्या वस्तीत तो वाढला, ती टर्नर्स स्टेशन ही कृष्णवर्णीय कामगारांची वसाहत बेथलेहेम स्टीलच्या स्पॅरोज पॉइंट येथील पोलाद कारखान्याच्या सावलीत उभी राहिली होती. बाप वेल्डर; आई घरातच शेजारपाजारची मुले सांभाळणारी. बापाच्या कोटाचे अस्तर कापून या पोराने आपली एक बाहुली शिवली. बापाने मार दिला नाही. पुढच्या वेळी विचारून घे, एवढेच सांगितले.

पिंपरी, भोसरी, आकुर्डी वा चाकण येथील वाचकाला ही वस्ती परकी वाटू नये. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सार्वजनिक कारखाना उभा राहिला, १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनींवर मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले, आणि त्यांच्यामागोमाग मराठवाड्यातून, विदर्भातून, पुढे उत्तर प्रदेश-बिहारातून माणसे आली. येथेही घराघरांत वेल्डर आहेत आणि शेजारची मुले सांभाळणाऱ्या आया आहेत. जुने कोट फाडून बाहुल्या करण्याचा नाद लागलेली पोरेही असतीलच. मग त्यांच्यापैकी कोणाची वाट दूरचित्रवाणीच्या कलागृहापर्यंत का जात नाही? गुण कमी पडतात म्हणून, असे उत्तर कोणी देत असेल तर ते खोटे आहे.

अनुबोधपट एक मोलाचे काम करतो: तो बाहुलीकाराला टेबलाखालून बाहेर काढतो. दूरचित्रवाणीवरील बाहुलीचे काम किती अंगमेहनतीचे असते, याची प्रेक्षकाला कल्पना नसते. कलावंत कॅमेऱ्याच्या चौकटीखाली बसलेला वा उभा असतो, त्याचा हात तासन् तास डोक्यावर ताठ धरलेला असतो, बोटे आणि अंगठा मिळून बाहुलीचे तोंड होते, आणि नजर समोरच्या लहान पडद्यावर खिळलेली असते. त्या पडद्यावरील चित्र आरशासारखे उलटे नसते. म्हणून डावे-उजवे यांची सारी सवय मोडून नव्याने घडवावी लागते. यंत्रावर उभे राहून आठ तास एकच हात वर-खाली करणाऱ्या कामगाराला खांद्याचे हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. बाहुली जितकी जिवंत, तितका तिच्यामागचा मनुष्य अदृश्य. या कलेचा नियमच तो आहे.

मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडात विक्रेय वस्तूच्या जादूविषयी जे विवेचन केले आहे, त्याची येथे आठवण होते. बाजारात वस्तू जणू स्वतःच्या बळावर उभी असते, स्वतःचे मोल स्वतःच सांगते, आणि ती घडविणाऱ्या माणसांमधील संबंध तिच्या आड लपतात. चाकणच्या कारखान्यातून झळाळत बाहेर पडणाऱ्या मोटारीवर कंपनीचे चिन्ह असते; कंत्राटी कामगाराचे नाव नसते. बाहुलीचेही तसेच आहे. तिच्यामागचा हात दाखविणारा चित्रपट म्हणूनच स्वागतार्ह होय.

परंतु एक पडदा दूर करून हा चित्रपट थांबतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे क्लॅशची कथा ही स्वप्नाची, चिकाटीची आणि आईबापांच्या पाठिंब्याची कथा आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. तथापि हातामागे आणखी एक हात होता आणि तो सार्वजनिक होता. 'सेसमी स्ट्रीट' १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाले. शहरांतील गरीब वस्त्यांमधील, विशेषतः कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषी मुले शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच मागे पडतात. त्यांच्यापर्यंत अक्षरे आणि अंक दूरचित्रवाणीने पोचवावेत, हा त्यामागील उद्देश होता. त्यासाठी उभारलेल्या सुमारे ८० लाख डॉलरांपैकी जवळपास निम्मी रक्कम सरकारी तिजोरीतून आणि उरलेली प्रामुख्याने कार्नेगी व फोर्ड या प्रतिष्ठानांकडून आली. जाहिरातदाराला काय विकावयाचे आहे, हा विचार त्या कार्यक्रमाच्या मुळाशी नव्हता. अशी संस्था उभी होती म्हणून वेल्डरच्या मुलाच्या नादाला व्यवसायाचे रूप येऊ शकले.

ती संस्था पुढे कोणत्या वाटेने गेली, हेही पाहिले पाहिजे. १९९६ च्या नाताळात गुदगुल्या केल्यावर हसणाऱ्या एल्मोच्या खेळण्यासाठी अमेरिकेतील दुकानांतून झुंबड उडाली. बाहुली विक्रीचा माल झाली. २०१५ साली कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी एचबीओ या वर्गणीदारांच्या वाहिनीशी करार केला. त्यानुसार नवे भाग प्रथम पैसे मोजणाऱ्या घरांतील मुलांना आणि नऊ महिन्यांनंतर सार्वजनिक वाहिनीवरील मुलांना दिसू लागले. ज्या मुलांसाठी हा खटाटोप सुरू झाला, त्यांनाच रांगेत मागे उभे केले गेले! आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले. क्लॅश ज्या वसाहतीत वाढला तिचा पोलाद कारखाना एकेकाळी जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाई. तोही २०१२ साली कायमचा बंद झाला. कारखाना आणि सार्वजनिक पडदा या दोन्ही आधारांवर एका कामगाराच्या मुलाचे जीवन उभे राहिले. त्यांतला एक कोसळला आणि दुसरा मोडकळीस आणला गेला.

नायकपूजेचा धोकाही याच कथेत आहे. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर सुमारे वर्षभराने, नोव्हेंबर २०१२ मध्ये, आपण अल्पवयीन असताना क्लॅशने आपल्याशी लैंगिक संबंध ठेवले असे आरोप पुढे आले. त्याने ते नाकारले आणि कार्यक्रमाचा राजीनामा दिला. पुढे न्यायालयांनी हे दावे मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळले. म्हणजे खऱ्याखोट्याचा निवाडा झालाच नाही. बाहुली मात्र दुसऱ्या कलावंताच्या हातात गेली आणि मुलांसमोर येत राहिली. मुलांचा विश्वास एखाद्या थोर कलावंताच्या गुणांवर सोपवून चालत नाही. त्याची राखण करणारे नियम आणि उत्तरदायी संस्था लागते. आपल्याकडे मीना नाईक यांनी आयुष्यभर बाहुल्यांचे काम केले आणि 'वाटेवरती काचा गं' या नाटकातून मुलांच्या लैंगिक शोषणासारखा, घरोघरी दाबून ठेवला जाणारा विषय रंगमंचावर आणला. मुलांसाठी काम करणे म्हणजे त्यांना केवळ हसविणे नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्राला बाहुल्या परक्या नाहीत. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर करून मराठी रंगभूमीचा पाया घालणारे विष्णुदास भावे हे लाकडी बाहुल्या घडविणारे कारागीरही होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी यांची परंपरा पिढ्यान् पिढ्या टिकविली. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता तोवर तिला थोडेफार मोल होते. तो गेल्यावर पोटासाठी कलावंतांना इतर कामे धरावी लागली. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे करून ही कला जगासमोर ठेवली आणि २०२१ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. सन्मान झाला याचा आनंद आहे. परंतु गोठ्यात संग्रहालय उभारण्याची पाळी ज्या समाजातील कलावंतावर आली, त्या समाजाला आपल्या सांस्कृतिक अंदाजपत्रकात कोणते स्थान होते, हा प्रश्न पदकाने मिटत नाही.

शहरी महाराष्ट्राला बोलकी बाहुली दिली ती पाध्ये घराण्याने. यशवंत केशव पाध्ये यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अर्धवटरावांना जन्म दिला. त्यांच्यामागोमाग आवडाबाई आल्या आणि संसार वाढला. त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी शब्दभ्रमाची ही कला सभागृहातून दूरचित्रवाणीवर आणि चित्रपटांत नेली. १९९३ च्या 'झपाटलेला' चित्रपटातील तात्या विंचू पाहून भ्यायलेली पिढी आज स्वतः आईबाप झाली आहे.

रामदास पाध्यांचे हे घराघरांत पोचणे कसे घडले? २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले, आणि 'किलबिल'सारख्या कार्यक्रमांतून मराठी मुलांना आपली भाषा पडद्यावर ऐकावयास मिळाली. त्या काळी संच मूठभर घरांत असत. वसाहतीतील दहा-वीस मुले एका खोलीत दाटीवाटीने बसत. तरीही कार्यक्रम सर्वांसाठी एकच होता. कारखान्याच्या व्यवस्थापकाचा मुलगा आणि त्याच कारखान्यातील फिटरची मुलगी एकाच बाहुलीला हसत होती. जगण्यातील विषमता यामुळे मिटली नाही, परंतु निदान बालपणाचा एक तुकडा सामायिक होता.

पाध्यांच्या बाहुल्यांपैकी देशभर सर्वांत ओळखीची झाली ती लिज्जत पापडाच्या जाहिरातीतील सशाची. ती होती जाहिरातच, पण कोणाची? १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली आणि त्यातून लाटणाऱ्या बायकाच मालक असलेली संस्था उभी राहिली. त्या संस्थापिकांपैकी जसवंतीबेन पोपट यांनाही २०२१ सालीच 'पद्मश्री' मिळाली. सशाच्या तोंडून देशाला हाक मारणारी ती संस्था कोणा उद्योगपतीची नव्हती, श्रम करणाऱ्या बायकांची होती. बाहुली तीच, कलावंतही तोच. सूत्रे श्रमिकांच्या हाती असली की तिच्या बोलण्याचा अर्थ बदलतो. पाध्ये घराण्याची कथा ज्याला पडद्यावर सांगावयाची असेल, त्याने हा प्रसंग गमतीची आठवण म्हणून उरकू नये. त्या ससोबामागचे लाटणेही दाखवावे.

दूरदर्शनचा तो काळ आम्ही सुवर्णकाळ म्हणून रंगवीत नाही. आणीबाणीत तेच दूरदर्शन सत्ताधाऱ्यांचे मुखपत्र झाले होते आणि त्या वेळी तुरुंगात असलेल्या समाजवाद्यांना याची आठवण कोणी करून द्यावयास नको. १९७६ पासून जाहिराती तेथेही शिरल्या. सरकारची मक्तेदारी म्हणजे समाजाची मालकी नव्हे, हे आपण तेव्हाही म्हणत होतो. म्हणूनच १९९० साली प्रसारभारतीचा कायदा झाला तेव्हा त्याचे स्वागत झाले. मुले, अंध, वृद्ध, अपंग आणि इतर दुर्बल घटक यांच्या हितासाठी खास प्रयत्न करणे हे या कायद्यानेच त्या संस्थेचे कर्तव्य ठरविले आहे. कायदा प्रत्यक्ष अमलात यावयास मात्र १९९७ साल उजाडले. तोवर परदेशी उपग्रह वाहिन्या घराघरांत शिरल्या होत्या, मुलांसाठी आयात व्यंगपटांच्या वाहिन्या निघाल्या होत्या, आणि मूल हे प्रेक्षक न राहता आईबापांच्या खिशापर्यंत पोचण्याची वाट झाले होते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि त्याचा विचार केला पाहिजे. आज प्रत्येक हातात फोन आहे; त्यावर मराठी गाणी, गोष्टी, बाहुल्या सारे फुकट मिळते; मग सरकारी खर्चाने मुलांचे कार्यक्रम कशाला? शिवाय ज्याला कला दाखवावयाची आहे, त्याला आता कोणा निर्मात्याच्या दारात उभे राहावे लागत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. एखादी पिंगुळीची मुलगी आपला खेळ आज स्वतः जगापुढे ठेवू शकते, ही लहान गोष्ट नाही. परंतु त्या खेळानंतर मुलापुढे काय यावे, हे ती ठरवीत नाही. परदेशातील कंपनीचे गणित ठरविते, आणि त्या गणिताला मूल किती वेळ खिळून राहिले एवढेच कळते. फुकट मिळणाऱ्या या मनोरंजनाचे मोल मुलाच्या वेळेतून वसूल केले जाते. दोरी तुटलेली नाही. ती इतकी लांब झाली आहे की दुसरे टोक दिसत नाही.

आणि हे मूल फोनपुढे एकटे का बसते? चाकणच्या पट्ट्यात बाप कंत्राटी कामावर बारा-बारा तास राबतो, आई दुसऱ्या पाळीला जाते किंवा चार घरची धुणीभांडी करते. एका खोलीच्या घरात मुलाला सांभाळणारे दुसरे माणूस नसते. तेथे त्या आईला फोनच्या दुष्परिणामांवर प्रवचन देणे हा सुखवस्तूंचा उद्धटपणा आहे. तिने मुलाच्या हातात फोन दिला, कारण समाजाने तिच्या हातात दुसरे काही दिले नाही. पाळणाघर, क्रीडांगण, ग्रंथालय आणि मुलांचा सार्वजनिक पडदा या एकाच मागणीच्या चार बाजू आहेत.

पिंपरी-चिंचवडमध्ये साधनांची वाण आहे असे म्हणता येणार नाही. आचार्य अत्रे रंगमंदिर, रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह ही महापालिकेची नाट्यगृहे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन याच नगरीत थाटाने भरले. एका संमेलनासाठी जी तयारी दाखविता येते, ती वर्षभर मुलांसाठी का दाखविता येऊ नये? बाहुली घडविण्यास लागणारे कसब तर येथे गल्लीगल्लीत आहे. डोळा मिटणारी खीळ, मान फिरविणारी कळ, हलक्या तारेचा सांगाडा, फोमची कापणी ही सारी कामे फिटर, टर्नर आणि शिवणकाम करणाऱ्या बायका रोज करतात. त्यांच्या कौशल्यावर मोटारी धावतात, त्यांच्या मुलांसाठी एक बाहुली बोलू शकत नाही!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, प्रसारभारतीने आपल्या कायद्यातील कर्तव्याला जागून सह्याद्री वाहिनीवर मुलांसाठी रोजची, ठरलेली, जाहिरातमुक्त आणि मराठीत निर्माण केलेली वेळ राखावी. त्यात पिंगुळीच्या कलावंतांना पाहुणे म्हणून नव्हे, वेतनावरील निर्माते म्हणून स्थान द्यावे. दुसरी, पिंपरी-चिंचवड महापालिकेने आपल्या नाट्यगृहांतील महिन्यातून दोन रविवार सकाळ मुलांच्या खेळांना विनाभाडे द्याव्यात, आणि चाकण, महाळुंगे, निघोजे येथील वसाहतींतील मुलांसाठी हे खेळ जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत न्यावेत. तिसरी, मुलांच्या कार्यक्रमांत काम करणाऱ्या प्रत्येक कलावंताला आणि तंत्रज्ञाला लेखी करार, किमान मानधन आणि श्रेयनामावलीत नाव मिळावे. मुलांशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या कामासाठी तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा असावी. कामगार संघटनांनाही एक सांगणे आहे. बोनस आणि वेतनकराराच्या मागणीपत्रात मुलांच्या सांस्कृतिक जीवनाचे एखादे कलम घालण्यास कोणाची परवानगी लागत नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी तुटपुंज्या साधनांनिशी गावोगाव जे केले, ते करण्याइतके बळ आजच्या संघटनांत निश्चित आहे.

या मागण्या पदरात पडल्या आणि पाच-दहा वर्षांनी चिंचवडच्या एखाद्या वेल्डरच्या मुलीच्या हातातील बाहुली सह्याद्रीवर बोलू लागली, तर तिच्यावरही कोणीतरी अनुबोधपट काढील. त्यात तिच्या स्वप्नांना आणि चिकाटीला भरपूर जागा द्यावी. त्याबरोबरच तिला सरावासाठी नाट्यगृह मोफत देणारा महापालिकेचा ठराव, पहिले मानधन देणारे सार्वजनिक केंद्र आणि कलम घालून घेणारी तिच्या बापाची संघटना यांचीही नावे घ्यावीत. महापालिकेकडे द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा तयार करण्यास या परिसरातील संघटनांनी आणि पालकांनी याच महिन्यात एकत्र बसावे.